‘रिक्वेस्ट’नंतर ‘फॉर’ कधी लावायचं, कधी काढायचं: अर्जात परत परत होणारी चूक

बेळगावच्या वडगावात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंनी गेल्या वर्षी आपल्या भाडेकरूला इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. मुलाचं लग्न ठरलं होतं, वरची खोली मोकळी हवी होती. भाडेकरू उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, रात्रपाळीला, बाहेरच्या राज्यातला. मराठी येत नाही, कन्नडही येत नाही, आणि दिवसा झोपलेला असतो म्हणून गाठ पडत नाही. काकूंनी स्वतः बसून लिहिलं आणि दाराखालून सरकवलं: ‘आय ॲम रिक्वेस्टेड टू व्हेकेट द रूम बिफोर दिवाळी.’

त्यांना म्हणायचं होतं, दिवाळीच्या आधी खोली रिकामी करावी ही विनंती. वाक्याचा अर्थ झाला, ‘मला दिवाळीच्या आधी खोली रिकामी करायला सांगितलं आहे.’ म्हणजे घर सोडून जाणार त्या काकूच! भाडेकरूनं जे लिहिलंय तेच वाचलं. त्याला वाटलं घर विकलं गेलं, आता नवा मालक येईल, भाडं कुणाला द्यायचं ते कळेपर्यंत थांबावं. दोन महिने भाडं आलं नाही आणि खोलीही रिकामी झाली नाही. चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘एवढं अदबीनं लिहिलं की गं मी, आणि हा ऐकेचना.’

मी संध्याकाळी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यातली बरीचशी एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची. त्यामुळे गल्लीतले लोकही अर्ज दाखवायला येतात: रजेचे, दाखल्याचे, नावदुरुस्तीचे, विजेच्या मीटरचे. ‘रिक्वेस्ट’ हा शब्द नाही असा अर्ज मी अजून पाहिला नाही, आणि तो शब्द बरोबर वापरलेला अर्ज दहात दोन-तीन निघतात. चुका ठरलेल्या आहेत, त्यामागचं कारण एकच आहे आणि उपाय आपल्याच भाषेत आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी आपल्या भागाबद्दल एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ च्या कायद्यानं कन्नड राजभाषा झाली. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतं. हक्क आहे. पण ज्याला उद्या दाखला हवाय तो माणूस हक्कापेक्षा टेबलापलीकडच्या माणसाला काय वाचता येईल ते बघतो. त्याला मराठी वाचता येईल की नाही ठाऊक नसतं, आपल्याला कन्नड लिहिता येत नसतं, मग दोघांच्या मध्ये इंग्रजी येते. पुण्या-साताऱ्याकडचा माणूस रजेचा अर्ज सरळ मराठीत लिहून मोकळा होतो. आपल्याकडे सातवी शिकलेल्या आजीलासुद्धा इंग्रजी अर्जावर सही करावी लागते. म्हणून हा एक शब्द आपल्याला नीट यायलाच हवा.

चूक कशी दिसते

बहुतेक वेळा ती या रूपात असते: ‘आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह.’ त्याखालोखाल ‘आय रिक्वेस्ट टू यू टू ग्रँट मी लीव्ह.’ काही जण ‘आय ॲम रिक्वेस्ट यू’ असं लिहितात, आणि कुणीतरी सांगतं की ‘ॲम’नंतर ‘ईडी’ लागतं, मग त्याचं ‘आय ॲम रिक्वेस्टेड’ होतं. काकूंचं असंच झालं. दुरुस्ती करायला गेलं आणि अर्थ उलटा झाला. याशिवाय ‘आय डू रिक्वेस्ट’, ‘आय गिव्ह रिक्वेस्ट’, ‘आय रिक्वेस्ट यू दॅट प्लीज काइंडली’ ही मंडळी असतातच.

पहिल्या दोन चुकांनी काम अडत नाही. कारकुनाला कळतं. पण परीक्षेत गुण जातात, आणि नोकरीच्या अर्जात वाचणारा पहिल्या ओळीतच आपल्याबद्दल मत करून घेतो. तिसऱ्या चुकीनं काम अडतं, ते वर सांगितलंच.

असं का होतं

आपण दिवसभर किती इंग्रजी शब्द वापरतो बघा. चेक कर, कॅन्सल कर, ॲडजस्ट कर, रिचार्ज कर, रिक्वेस्ट कर. इंग्रजीत यातला प्रत्येक शब्द स्वतःच्या पायावर उभा राहणारं क्रियापद आहे. मराठीत आला की आपण त्याला ‘करणे’ची काठी देतो. ‘चेकतो’, ‘कॅन्सलतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे इंग्रजी क्रियापद आपल्या तोंडात शिरताना नाम होऊन शिरतं, आणि क्रियेचं काम ‘करणे’ करतं. कन्नडचीही रीत हीच. ‘विनंती’ हा शब्दसुद्धा दोन्हीकडे एकच, इकडे ‘विनंती करतो’, तिकडे ‘विनंती माडतेने’.

मग तोच माणूस इंग्रजी लिहायला बसतो तेव्हा त्याच्या डोक्यातला ‘रिक्वेस्ट’ नामच असतो. नामाला लागणारे शब्द तो क्रियापदाला लावतो. ‘रिक्वेस्ट फॉर’ हे नामाचं आहे, बरोबर आहे, आपण ते हजारदा वाचलेलं असतं. फक्त ते ‘आय’च्या पुढे चालत नाही.

यात अर्जाचा नमुना आणखी भर घालतो. वर विषयाची ओळ असते: ‘सब्जेक्ट: रिक्वेस्ट फॉर लीव्ह.’ तिथं रिक्वेस्ट नाम आहे आणि ‘फॉर’ अगदी जागेवर आहे. मुलगा ती ओळ लिहितो, खाली ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितो, आणि तिसऱ्या ओळीला हात आपोआप वरचंच पुढे ओढतो: ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह.’ वह्या तपासताना माझ्या हे फार उशिरा लक्षात आलं. विषयाची ओळ शेवटी लिहायला लावली की निम्म्या मुलांची चूक तिथंच थांबते. करून बघा.

दुसरी अडचण इंग्रजीची स्वतःची आहे. हा शब्द फ्रेंचमधून तिथं गेला, चौदाव्या शतकात नाम म्हणून, आणि सोळाव्या शतकात क्रियापद म्हणून वापरात आला. रूप दोन्हीकडे तेच. शेवटचं अक्षर बदलत नाही, उच्चारही बदलत नाही. ‘परमिट’सारख्या शब्दात निदान जोर सरकतो, ट्रकचं परमिट म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर आणि परवानगी देणे या अर्थी दुसऱ्यावर. ‘ॲडव्हाइस’ नाम आणि ‘ॲडव्हाइझ’ क्रियापद, तिथं शेवटचा आवाज तरी वेगळा. रिक्वेस्टमध्ये कान काहीच सांगत नाही.

आपल्या भाषेत मात्र हा फरक डोळ्यांना दिसतो. आणि उपाय तिथंच आहे.

मागणे आणि मागणी

‘विनंती करणे’ थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याऐवजी ‘मागणे’ घ्या.

गावानं पाणी मागितलं.
गावानं पाण्याची मागणी केली.

पहिल्या वाक्यात ‘मागितलं’ क्रियापद आहे आणि पाणी त्याला सरळ चिकटलंय, मध्ये काही नाही. दुसऱ्यात ‘मागणी’ नाम आहे, आणि पाण्याला तिच्यापर्यंत पोचायला ‘ची’ लागली. ‘गावानं पाण्याची मागितलं’ असं चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही.

इंग्रजीत ‘ची’च्या जागी ‘फॉर’ आहे. एवढंच.

रजा मागतो: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह.’ रजेची मागणी: ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह.’ मराठी वाक्यात ‘ची’ आली तर ‘फॉर’ येणार, नाही आली तर येणार नाही. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ म्हणजे ‘मी रजेची मागतो’. मुलांना मी हे असंच मोठ्यानं म्हणायला लावते. एकदा कानाला खटकलं की पुढं नियम पाठ करावा लागत नाही.

घरात कन्नड बोलणारी मुलंही माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी ‘बेडु’ आणि ‘बेडिके’ ही जोडी आहे. ‘नीरु बेडिदरु’ म्हणजे पाणी मागितलं, ‘नीरिन बेडिके’ म्हणजे पाण्याची मागणी. त्यांच्याकडे ‘ची’चं काम ‘न’ करतो, बाकी सगळं तसंच. एका बाकावर बसलेली एक मराठी मुलगी आणि एक कन्नड मुलगी आपापल्या भाषेतून एकाच उत्तरावर येतात, तेव्हा मला फार समाधान वाटतं.

‘विनवणे’ हेही आपलं जुनं क्रियापदच. अभंगांत ‘विनवितो’ सारखं भेटतं. ‘देवा, तुला विनवितो’, इथं ‘तुला’ सरळ आहे. व्यवहारातून ते क्रियापद गेलं आणि ‘विनंती करणे’ राहिलं. ते टिकलं असतं तर इंग्रजीतला हा घोळ आपल्याकडे कमी झाला असता असं मला मनापासून वाटतं.

कायद्यातलं एक वाक्य

मुलं विचारतात, ‘बाई, पेपरमध्ये तर रिक्वेस्टेड फॉर छापून येतं.’ येतं, खरं आहे. बोलण्यात तर सर्रास. बोलताना मी कुणाला अडवत नाही. पण लेखी अर्जासाठी मी त्यांना माहिती अधिकार कायद्यातलं, २००५ च्या, सहाव्या कलमातलं एक वाक्य फळ्यावर लिहून देते. अर्जदाराला कारण विचारता येणार नाही, असं सांगणारं ते वाक्य आहे. त्याचा आपल्या कामाचा तुकडा असा: ‘ॲन ॲप्लिकंट मेकिंग रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू गिव्ह एनी रीझन फॉर रिक्वेस्टिंग द इन्फर्मेशन.’

हळू वाचा. एकाच वाक्यात हा शब्द दोनदा आलाय. पहिल्यांदा ‘रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन’, माहितीची मागणी, नाम, म्हणून ‘फॉर’ आहे. दुसऱ्यांदा ‘रिक्वेस्टिंग द इन्फर्मेशन’, माहिती मागणं, क्रियापद, म्हणून मध्ये काही नाही. ‘रीझन’नंतर आणखी एक ‘फॉर’ दिसतो, पण तो ‘रीझन’चा आहे, मागण्याचं कारण. संसदेनं केलेल्या कायद्यात दोन्ही रूपं शेजारी शेजारी बसली आहेत, याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. मुलं हे वाक्य पाठ करतात आणि परीक्षेत अडलं की मनात म्हणून बघतात.

त्यातच ‘मेकिंग’ही दिसतं. विनंती ‘करणे’ म्हणजे इंग्रजीत ‘मेक अ रिक्वेस्ट’. ‘डू’ नाही, ‘गिव्ह’ नाही. आणि त्याच कलमात असंही लिहिलंय, की हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. आपल्या बाजूला तो बहुतेक जण इंग्रजीतच करतात, म्हणजे हे वाक्य आपल्या हाताला लागण्यासारखंच आहे.

माणूस कुठं बसतो

वस्तूचं झालं. आता ज्याच्याकडे मागायचं त्याचं.

‘तुमच्याकडे विनंती’ किंवा ‘आपणांस विनंती’ यातून आपण ‘टू यू’ काढतो. कन्नड अर्जाची ठरलेली सुरुवातही ‘तम्मल्लि विनंतिसिकोळ्ळुवुदेनेंदरे’ अशी, म्हणजे ‘तुमच्यापाशी विनंती करतो ती अशी की’. दोन्ही भाषा आपल्याला मध्ये काहीतरी घालायला शिकवतात. इंग्रजी क्रियापद माणसालाही सरळ धरतं: ‘आय रिक्वेस्ट यू टू इश्यू द सर्टिफिकेट.’ ‘तुला विनवितो’ सारखं. इथं जो ‘टू’ आहे तो पुढच्या ‘इश्यू’चा आहे, ‘यू’चा नाही.

नाम असेल तर मात्र माणसाला ‘टू’ लागतो: ‘माय रिक्वेस्ट टू द तहसीलदार.’ तहसीलदारांकडे केलेली मागणी. ‘माय रिक्वेस्ट टू द तहसीलदार फॉर अ कॉपी’ हे शंभर टक्के बरोबर आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘रिक्वेस्ट टू चूक’ असं अर्धवट ऐकून काही जण इथलाही ‘टू’ खोडतात.

माणूस आणि वस्तू दोन्ही क्रियापदाबरोबर आणायचे असतील तर वस्तू आधी आणि माणसाच्या मागे ‘फ्रॉम’: ‘आय रिक्वेस्टेड अ कॉपी फ्रॉम द ऑफिस.’ आपल्या ‘ऑफिसकडे कॉपी मागितली’ मधला ‘कडे’ इथं ‘फ्रॉम’ होतो. ‘आय रिक्वेस्टेड द ऑफिस अ कॉपी’ होत नाही.

‘की’चा ‘दॅट’ हाही एक खड्डा. ‘विनंती आहे की आपण’ वरून ‘आय रिक्वेस्ट यू दॅट यू टू ग्रँट’ असं लांबतं. ‘यू’ आणि ‘टू’ वापरलं की ‘दॅट’ सोडा. ‘दॅट’च वापरायचं असेल तर त्यानंतरचं क्रियापद मूळ रूपात येतं: ‘आय रिक्वेस्ट दॅट द नेम बी करेक्टेड.’ हे जड वाटतं, आणि दहावीच्या मुलाला त्याची गरज नाही. ‘यू टू’ पुरेसं आहे.

‘रिक्वेस्टेड’ कुणाला म्हणायचं

काकूंची चूक इथली. शाळेच्या फलकावर, बसस्टँडवर, पतसंस्थेच्या नोटिशीत आपण कायम वाचतो: ‘पेरेंट्स आर रिक्वेस्टेड टू अटेंड द मीटिंग.’ पालकांना विनंती करण्यात येते. हे बरोबर आहे. ते वाचून वाचून डोक्यात बसतं की नम्रपणे लिहायचं म्हणजे ‘रिक्वेस्टेड’ लिहायचं. मग पालकांच्या जागी ‘आय’ बसवला जातो.

‘आर’, ‘इज’, ‘ॲम’ नंतर ‘रिक्वेस्टेड’ आलं, की आधी ज्याचं नाव आहे त्याला विनंती केली जातेय. ‘यू आर रिक्वेस्टेड टू व्हेकेट’, तुम्हाला विनंती. ‘आय ॲम रिक्वेस्टेड’, मला विनंती. मागणारी तुम्ही असाल तर ‘आय’नंतर सरळ ‘रिक्वेस्ट’ लिहा, मध्ये ‘ॲम’ घालू नका. ‘मी विनंती करत आहे’ मधल्या ‘आहे’मुळे ‘ॲम’ घुसतो, त्याला तिथंच थांबवा. ‘आय ॲम रिक्वेस्टिंग यू’ व्याकरणात बसतं, पण अर्जात ‘आय रिक्वेस्ट यू’ हेच नीट दिसतं.

एक अर्ज दुरुस्त करून बघू

आपल्याकडे नावदुरुस्तीचे अर्ज फार. मराठीतलं नाव कन्नडमधून फिरून इंग्रजीत उतरतं, तेवढ्यात एखादं अक्षर बदलतं, आणि दहा वर्षांनी पासपोर्टच्या वेळी ते समोर येतं. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा असा अर्ज घेऊन आला होता. आईचं नाव शाळेच्या रजिस्टरला चुकलेलं. त्यानं लिहिलं होतं:

‘सब्जेक्ट: रिक्वेस्ट फॉर करेक्शन ऑफ मदर्स नेम. रिस्पेक्टेड सर, आय ॲम रिक्वेस्ट टू युवर गुडसेल्फ फॉर टू करेक्ट माय मदर्स नेम. आय हॅव रिक्वेस्टेड फॉर सेम लास्ट मंथ ऑल्सो. प्लीज काइंडली डू द नीडफुल रिक्वेस्ट.’

विषयाची ओळ उत्तम, तिला हात लावला नाही. दुसऱ्या ओळीवर मी त्याला विचारलं, ‘तू सरांना काय करतोयस?’ तो म्हणाला, ‘विनवतोय.’ मग ‘ॲम’ गेला, ‘टू’ गेला, ‘फॉर’ गेला. उरलं: ‘आय रिक्वेस्ट यू टू करेक्ट माय मदर्स नेम इन द स्कूल रजिस्टर.’ तिसऱ्या ओळीत दोन वाटा होत्या. नाम ठेवायचं तर ‘आय मेड द सेम रिक्वेस्ट लास्ट मंथ’, क्रियापद ठेवायचं तर ‘आय रिक्वेस्टेड धिस लास्ट मंथ’. त्यानं पहिली घेतली, मलाही तीच बरी वाटली, कारण आधीच्या अर्जाचा आवक नंबर तिला जोडता येतो. शेवटची ओळ आम्ही पूर्ण काढली आणि तिथं चुकलेलं नाव आणि बरोबर नाव, एकाखाली एक, ठळक लिहिलं. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ दोन्ही लावल्यानं नम्रता दुप्पट होत नाही, अधिकाऱ्याला हवी असते ती माहिती.

त्याला एक गोष्ट खटकत होती. ‘एवढं छोटं लिहिलं तर उद्धट वाटणार नाही का?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मराठीत आपण ‘कृपया’, ‘नम्र विनंती’, ‘आपला कृपाभिलाषी’ असा थर देतो, आणि तो आपल्या भाषेत शोभतो. इंग्रजीत रिक्वेस्ट या शब्दातच तो थर आहे. ‘आस्क’पेक्षा तो मुळातच अदबीचा आहे.

उपाय चालत नाही अशा जागा

‘फॉर’ दोन प्रकारचा असतो, हे लक्षात ठेवावं लागतं. ‘आय रिक्वेस्ट अ कॉपी फॉर द बँक’ इथं क्रियापद असूनही ‘फॉर’ आहे आणि तो बरोबर आहे, कारण त्याचा अर्थ ‘साठी’ आहे. बँकेसाठी प्रत मागतो. ‘ची’वाला ‘फॉर’ क्रियापदानंतर जातो, ‘साठी’वाला राहतो. शंका आली की मराठीत म्हणून बघा.

‘आस्क’ आणि ‘ॲप्लाय’ मात्र मागणे-मागणीच्या फूटपट्टीत बसत नाहीत. ‘आस्क फॉर लीव्ह’, ‘ॲप्लाय फॉर लीव्ह’, दोन्हीकडे क्रियापदाबरोबर ‘फॉर’ लागतोच. ‘रिक्वेस्ट फॉर’ला पाठिंबा तिथूनही मिळतो, कारण एकाच अर्जात हे तिन्ही शब्द येतात. या दोघांना वेगळं पाठ करण्याला पर्याय नाही.

‘डिमांड’ आणि ‘ऑर्डर’ रिक्वेस्टसारखेच: ‘डिमांड फॉर वॉटर’ पण ‘दे डिमांडेड वॉटर’, ‘ॲन ऑर्डर फॉर टू प्लेट्स’ पण ‘वी ऑर्डर्ड टू प्लेट्स’. ‘डिस्कशन अबाउट’ असतं, ‘डिस्कस अबाउट’ नसतं. त्याला आपल्याकडे ‘विषय चर्चिला’ आहे, ‘विषयाबद्दल चर्चिलं’ नाही. ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’, पण ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘इन कॉन्टॅक्ट विथ’, पण ‘कॉन्टॅक्ट मी’.

नाम की क्रियापद हेच ओळखता येत नसेल तर शब्दाच्या डावीकडे बघा. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘युवर’, ‘धिस’ असेल तर नाम. ‘आय’, ‘वी’, ‘टू’, ‘विल’ असेल तर क्रियापद. फोनवर पैसे मागायच्या बटणावर ‘रिक्वेस्ट मनी’ लिहिलेलं असायचं, डावीकडे काही नाही, तो हुकूम आहे, पैसे मागा, म्हणून ‘फॉर’ नाही. ‘सेंड अ रिक्वेस्ट’मध्ये डावीकडे ‘अ’ आहे, नाम.

आणि एक इशारा. हे शिकल्यावर पहिले पंधरा दिवस मुलं दिसेल तो ‘फॉर’ खोडतात. विषयाच्या ओळीतलासुद्धा. ‘सब्जेक्ट: रिक्वेस्ट लीव्ह’ असं लिहून आणतात. म्हणून मी खोडण्याआधी मराठी वाक्य समासात लिहायला लावते, ‘ची’ आली की नाही ते तिथं दिसतं.

काकूंचंही तेच झालं. भाडेकरूला आम्ही नवी चिठ्ठी दिली, ‘आय रिक्वेस्ट यू टू व्हेकेट द रूम बिफोर द थर्टीफर्स्ट’, आणि रविवारी दुपारी तो स्वतः खाली येऊन बोलून गेला. खोली मिळाली, पण दोन महिन्यांच्या भाड्यातलं एका महिन्याचं राहिलं. त्यासाठी काकूंनी पुन्हा कागद घेतला. ‘धिस इज माय लास्ट रिक्वेस्ट फॉर द रेंट’ असं लिहिलं, थांबल्या, आणि ‘फॉर’वर काट मारायला पेन टेकवलं. मी काही बोलले नाही. त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या, ‘माझी शेवटची मागणी. भाड्याची.’ पेन उचललं आणि ‘फॉर’ तसाच ठेवला.